पाताळतुंबडी

मे महिन्यात कोणी घरी आलं की तुळशीमागच्या कुंडीकडे हमखास बोट जातं. "बाई, रिकामी कशाला ठेवली? मोगरा तरी लावा!" मंडळी, ती कुंडी रिकामी नाही. तिच्यात पाताळतुंबडी झोपलेली असते.

हा कंद मला सहा वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिला. आर्वीकडचा, गवळ्याचा मुलगा. घरी अजून चार गवळाऊ गाई आहेत. कवितेच्या तासाला बिनदिक्कत झोपायचा! म्हणाला, "बाई, टेकडीवर मुरूम काढून राह्यले. जेसीबीनं सारं उकरलं. लहानपनी ढोरामागं असताना हे आमी खाओ. तुमाले झाडाचा शौक हाय म्हनून आनलं." लहान बटाट्याएवढा, चपटा, मातकट कंद. मृगाचा पाऊस पडला तशी त्यातून दोऱ्यासारखी वेल निघाली आणि खिडकीच्या गजाला विळखे घालत वर गेली. पानं जाडसर.

श्रावणात फूल आलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जेमतेम इंचभर हिरवट नळी, खाली फुगलेली, वर जांभळ्या पाकळ्या टोकाशी जुळलेल्या. अगदी आकाशकंदील! म्हणूनच या कुळाला कंदीलपुष्प म्हणतात. ओळखीच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी शास्त्रीय नाव सांगितलं, सेरोपेजिया बल्बोसा. रॉक्सबर्ग साहेबाने 1795 साली ते छापलं. आपल्याकडे खापरकडू असंही म्हणतात. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मला पाताळतुंबडीच आवडलं. तुंबडी भरून पाताळात बसलेली.

या कंदिलात कारस्थान आहे. वासाला भुलून बारीक माशी नळीत उतरते, आणि आतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला परत चढता येत नाही. पुढे केस कोमेजतात, तेव्हा माशी परागांची गाठोडी चिकटवून घेऊन सुटते. मी एक फूल हलकेच चिरून पाहिलं. आत माशी होती, जिवंत. उडून गेली.

माझी नात पुण्यात आहे. तिच्या बाल्कनीत नर्सरीतून आणलेली हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल लोंबते. ती याच कुळातली, दक्षिण आफ्रिकेची. तिला चांगले पैसे मोजले, आणि तिची सख्खी चुलत बहीण आमच्याकडे मुरमाच्या ट्रकमध्ये जाते! सह्याद्रीतल्या भावंडांची दशा तर आणखी नाजूक. त्यातली कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांना जपतात, वाढवतात.

सांभाळायला म्हणाल तर ही वेल गरीब आहे. मुरूम आणि थोडं पानखत, पाणी फक्त पावसाळ्यात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की पाणी बंद. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तरी नवतपातसुद्धा कुंडी कोरडीच. जीव कळवळतो, पण प्रेमाने घातलेलं पाणीच तिला कुजवतं.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ कंद मागायला आले. सुनेसाठी औषध हवं होतं, लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यांचं तोंड बघून पोटात कालवलं. मी चहा दिला, सुनेसोबत मुलालाही सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवा म्हटलं, कंद नाही दिला. ते रागावून गेले. अजून रस्त्यात दिसले तर मान फिरवतात. असो. टेकडीचं नाव मी इथे लिहीत नाही, ते एवढ्याचसाठी.

चार वर्षं फुलं गळतच गेली. मग त्याच विद्यार्थ्याने दुसरा कंद आणला, आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा शेंगा धरल्या, शिंगांसारखी जोडी. त्या फुटायच्या आत मी वर जुनी मलमलची पिशवी बांधली, नाहीतर रेशमी शेपट्यांचं बी वाऱ्याने केव्हाच नेलं असतं. एकोणीस बिया मिळाल्या, अकरा उगवल्या.

मी आता शहात्तरची. मुलं म्हणतात पुण्याला चल, आणि तिसऱ्या मजल्यावर मुरूम कुठून आणू? तेव्हा वाटणी करून टाकली. दोन रोपं नातीला, तीन प्राध्यापकांच्या कॉलेजला, सहा त्या गवळ्याच्या मुलाला. त्याच्या धुऱ्यावर बोरीची जाळी आहे, तिथे गुरं तोंड घालत नाहीत. पहिला पाऊस झाला की तो मोटारसायकलवर न्यायला येणार आहे. खोकं काढून ठेवलंय.