कोंदणातली अमानत

जयपूरला लोक हवामहल पाहायला जातात. आम्हीही पाहिला. पण पुण्याहून गाडीत रात्र काढून आम्ही गेलो होतो ते दादींच्या अंगठीसाठी. धाकटीचा निकाह ठरला होता आणि दादींची पाचूची अंगठी तिच्या बोटात जावी, अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा होती. मात्र सोने झिजले होते आणि पाचू काळवंडला होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आणि नंतर पुण्यातही दोन-तीन दुकानांत विचारले. उत्तर एकच मिळाले, "नवी अंगठी घ्या, हवी तशी करून देतो. तुमचा खडा आम्ही बसवत नाही."

आम्हाला राग आला. त्या रागाला एक जुने कारणही होते. पंचवीस वर्षांपूर्वी दादींनी हीच अंगठी गावातल्या एका सोनारकाकांकडे धुवायला दिली होती. ती परत आली, पण काही दिवसांत खड्याचे तेज गेले. "खडा बदलला," असे दादी म्हणाल्या आणि अखेरपर्यंत म्हणत राहिल्या. आमच्या घरातून त्या दुकानाची पायरी पुन्हा कोणी चढले नाही. चारचौघांत आम्ही बोललोही.

जयपूर हे आखून वसवलेले शहर. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये त्याची पायाभरणी केली. सरळ रस्ते, काटकोनात निघणाऱ्या गल्ल्या आणि मोठ्या रस्त्यांच्या छेदावर चौक. या चौकांना तिथे चौपड म्हणतात. बडी चौपडहून दक्षिणेला जौहरी बाजार जातो आणि पूर्वेला रामगंज. जौहरी बाजारात जामा मशीद आहे. तिथे जुहरची नमाज अदा करून बाहेर पडलो, तर आजूबाजूच्या गल्ल्यांत दलाल उभ्याउभ्याच कागदाच्या पुड्या उघडून एकमेकांना रत्ने दाखवत होते. पाचूच्या घडाईसाठी जयपूरचे नाव जगभर आहे. झांबिया, ब्राझील, कोलंबिया इथल्या खाणींतला कच्चा पाचू इथे येतो आणि पैलू पाडून परत जगभर जातो.

दुकानांची झगमग जौहरी बाजारात असली, तरी कामाचे बरेच हात रामगंजच्या गल्ल्यांत आहेत. अरुंद जिना, वर एक खोली, खिडकीशी बसलेले कारागीर. त्यांत मुस्लिम कारागीर पुष्कळ. आमच्या एका नातेवाइकांनी आम्हाला अशाच एका वयस्क जडियाकडे नेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

उस्तादांनी अंगठीला हात लावण्याआधी पाणी मागवले, आमची चौकशी केली. मग भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिले. आम्ही न राहवून विचारले, "खडा खरा आहे ना?"

"खरा आहे. पण आत चीर आहे, आणि ती कडेपर्यंत आली आहे."

मग त्यांनी पाचूचा स्वभाव समजावला. पाचू ओरखडे सहज पडू देत नाही. पण त्याच्या पोटात जन्मापासूनच चिरा आणि डाग असतात, म्हणून दाब किंवा धक्का बसला की तो तडकतो. बहुतेक पाचूंच्या चिरांत तेल मुरवलेले असते, म्हणून त्या दिसत नाहीत. आच लागली की ते तेल निघून जाते आणि चीर उघडी पडते. यंत्रात हादरे देऊन दागिने धुतात, तेही पाचूला सोसत नाही.

"आता हिशोब करा," उस्ताद म्हणाले. "खडा बसवायची मजुरी मिळते थोडी. खडा असतो हजारांचा, कधी लाखांचा. आपल्या दुकानातला खडा फुटला तर दुसरा बसवता येतो. तुमच्या दादींचा खडा मी कुठून आणू? आणि फुटला नाही, तरी लोक म्हणतात बदलला."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग दादींची सगळी हकीकत त्यांना सांगितली.

उस्तादांनी अंगठी उलटी करून दाखवली. मागची बाजू बंद होती. "हे जुने कुंदन काम. खड्याखाली चकाकणारा पातळ पत्रा ठेवतात, त्याला आम्ही डांक म्हणतो. खालची जागा लाखेने भरलेली असते. कडेने शुद्ध सोन्याच्या पट्ट्या दाबून बसवतात. आत पाणी शिरले की डांक काळी पडते आणि वरचा खडा मेल्यासारखा दिसतो. हे सोने कुठेही उचललेले नाही. माझ्या नजरेला हा खडा बसवल्यापासून कोणी काढलेला दिसत नाही."

खोलीत काही क्षण कोणीच बोलले नाही.

खडा काढताना कडेचा टवका उडू शकतो, हे त्यांनी आधीच सांगितले आणि चिठ्ठीवर लिहिले. चार नखांच्या बैठकीला त्यांनी नकार दिला, कारण नख वाकवताना एकाच जागी दाब पडतो. पुन्हा कुंदनच करायचे ठरले. त्यात सोन्याची पट्टी आच न देता, हळूहळू दाबत बसवतात. मग आमच्यासमोरच त्यांनी लाख किंचित गरम केली, सोने सैल केले आणि खडा बाहेर काढला. खाली डांक शाईसारखी काळी होती.

खडा तराजूत ठेवण्याआधी उस्तादांनी तो पुन्हा भिंगाखाली धरला आणि भिंग आमच्या हातात दिले. "इथे बघा. टवका गेला." तांदळाच्या कणीहूनही बारीक. त्यांनी सांगितले नसते, तर आम्हाला जन्मात कळले नसते. वजन झाले, पावणेतीन कॅरेटच्या आसपास. चिठ्ठीवर त्यांनी चिरेचे चित्रही काढले. "हा याचा चेहरा. परत नेताना ओळखून घ्या."

अनेकांची कामे घेणाऱ्या अशा कारागिराला हनफी फिक्हमध्ये अजीर-ए-मुश्तरक म्हणतात. त्याच्या कामामुळेच वस्तू बिघडली, तर भरपाई त्याच्यावर येते. त्याच्या हातून काही न घडता वस्तू गेली, तर इमाम अबू हनीफा तिला अमानत मानतात आणि भरपाई लावत नाहीत. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद मात्र टाळता येण्यासारख्या नुकसानीची जबाबदारी कारागिरावर ठेवतात. म्हणजे सोनाराच्या दुकानातला हा प्रश्न आपल्या बुजुर्गांनी शेकडो वर्षांपूर्वी बारकाईने तपासला होता.

दोन दिवसांनी अंगठी मिळाली. पाचू हिरवागार झळकत होता. आम्ही भिंगातून चिठ्ठीवरचा चेहरा ताडून पाहिला. उस्ताद मजुरी घेईनात. म्हणाले, "टवका माझ्या हातून गेला." आम्ही म्हणालो, "तुम्ही आधी सांगितले होते आणि झाल्यावर लपवले नाही. टवका आम्ही माफ केला, मजुरी तुमचा हक्क आहे." तेव्हा कुठे त्यांनी पैसे घेतले.

गावी पोहोचल्यावर असरनंतर आम्ही सोनारकाकांच्या दुकानाची पायरी चढलो. आता मुलगा दुकान पाहतो. काका मागे खुर्चीत बसून असतात. अंगठी त्यांच्या हातात ठेवली, जयपूरची हकीकत सांगितली आणि माफी मागितली. काकांनी अंगठी बराच वेळ फिरवून पाहिली.

"बंद कोंदणाला पाणी चालत नाही, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "घाईत धुतली. तुमच्या दादींना तेव्हाच सांगायला हवं होतं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही."

खडा त्यांनी बदलला नव्हता. एक वाक्य त्यांनी बोलायचे राहिले आणि एक प्रश्न आम्ही विचारायचा राहिलो. त्यात पंचवीस वर्षे गेली, आणि दादी तो गैरसमज घेऊनच गेल्या. त्यांच्या वतीनेही आम्ही माफी मागितली.

वाचकहो, घरातला खडा कोणाच्या हाती देणार असाल, तर आधी त्याचे वजन करून घ्या, फोटो काढा, भिंगातून त्याची खूण पाहून ठेवा. काय बिघडू शकते आणि बिघडले तर काय करायचे, हे देतानाच ठरवून चिठ्ठीवर लिहून घ्या. अमानत फक्त घेणाऱ्यावर नसते. कारागिराची इज्जतही आपण त्या वेळी आपल्या हातात घेतलेली असते.