पागडीचे खेळ

माणसानें पन्नाशी उलटल्यावर कोणते छंद करावेत याविषयीं आपल्या समाजाचे कांहीं ठरीव संकेत आहेत. त्यानें पहाटे टेकडीवर फिरावयास जावें, गच्चीवर चार गुलाब लावावेत, फार तर ब्रिजचा डाव मांडावा; एवढ्यावर त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं. पण इंग्रजी वाङ्मयाचा एक प्राध्यापक रात्रीं जेवणानंतर संगणकापुढें बसून खेळ खेळतो असें कळलें, कीं ऐकणार्‍याच्या चेहर्‍यावर प्रथम अविश्वास आणि मग कींव उमटते. माझे एक सहकारी तर असें समजून आहेत, कीं विद्यार्थ्यांचें मन जाणून घेण्यासाठीं मी हा खटाटोप करतों. त्यांचा हा गोड समज मीं अद्याप मोडलेला नाहीं.

वस्तुतः मला हे खेळ मनापासून आवडतात, आणि ते संगणकावरच खेळावयास आवडतात. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स यांसारखें खेळांसाठींच बनविलेलें यंत्र सोयीचें असतें हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्या यंत्रावर काय चालावें आणि काय चालूं नये, हें तें बनविणारी कंपनी ठरविते; दिवाणखाना आपला असला तरी त्यांतलें हें पाहुणें दुसर्‍याच्याच आज्ञेंत वागतें. संगणकाचा स्वभाव अधिक मोकळा आहे. ज्या यंत्रावर मी प्रश्नपत्रिका काढतों त्याच यंत्रावर १९९१ सालीं निघालेला सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ आजहि चालतो. ‘डॉसबॉक्स’ नांवाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्याला जुन्या यंत्राचा भास करून देतो आणि तो बिचारा खेळ सुखानें फसतो. या खेळांत हिंदुस्थानचें नेतृत्व गांधीजींकडे आहे. प्रोग्रॅममधील एका दोषामुळें ते एकाएकीं अणुबाँबचे भोक्ते बनतात, अशी एक आख्यायिका जगभर पसरली होती. २०२० सालीं मायर यांनीं आपल्या आत्मचरित्रांत असा दोष कधीं नव्हताच असें सांगून टाकलें. मला थोडें वाईटच वाटलें. कांहीं आख्यायिका तपासूं नयेत हेंच बरें.

तथापि आज मला लिहावयाचें आहे तें खेळांविषयीं नव्हे, तर त्यांच्या मालकीविषयीं. गेल्या वर्षीं आमच्या वकिलांच्या आग्रहावरून मीं मृत्युपत्र करावयास घेतलें. घोळ होण्यासारखी मालमत्ता आमच्यापाशीं नाहीं. राहतें घर, थोड्या ठेवी, आणि वडिलांकडून आलेलीं पुस्तकांचीं दोन कपाटें. त्यांतील प्रत्येक पुस्तकावर वडिलांच्या वळणदार अक्षरांत तारीख आणि किंमत घातलेली आहे. बारा आण्यांना घेतलेली शेलीची कविता माझ्या हातीं आली, आणि उद्यां ती मुलीच्या हातीं जाईल. खेळ मात्र भाच्याला द्यावेत असें माझ्या मनांत होतें. लहानपणीं सुटींत तो माझ्या शेजारीं स्टूल ओढून बसे आणि ‘मामा, डावीकडे दार आहे’ असें हळूच सांगे. माझा संग्रह आतां तीनशेंच्या वर गेला आहे. वीस वर्षांच्या फुरसतीचा तो हिशेबच म्हणावयाचा.

‘हे खेळ आहेत कोठें?’ वकिलांनीं विचारलें.

‘बहुतेक सारे स्टीमवर. माझ्या खात्यांत.’

‘करारपत्र दाखवा.’

तें करारपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारा पहिला मनुष्य मीं त्या दिवशीं पाहिला. वाचून झाल्यावर त्यांनीं चष्मा पुसला. ‘प्राध्यापकसाहेब, तुम्ही यांतलें कांहींच विकत घेतलेलें नाहीं. हे लोक तुम्हांला ग्राहकसुद्धां म्हणत नाहींत, वर्गणीदार म्हणतात. तुम्हांला वापरण्याची परवानगी दिली आहे. खातें विकतां येत नाहीं, दुसर्‍याच्या नांवें करतां येत नाहीं.’

‘म्हणजे पागडीच कीं ही!’ मी म्हणालों. माझे एक चुलते गिरगांवांत पागडीच्या दोन खोल्यांत राहत. पुरी रक्कम मोजून भाडेकरूच राहण्याचा तो प्रकार मला परिचित होता.

‘पागडी बरी,’ वकील म्हणाले. ‘पागडीच्या खोलींत मुलगा राहूं शकतो. घरमालकाला त्याचा हिस्सा दिला तर ती दुसर्‍याला देतांहि येते. आणि घरमालक रात्रींतून खोली नाहींशी करूं शकत नाहीं.’

हें शेवटचें वाक्य माझ्या मनांत घर करून राहिलें, कारण खोली नाहींशी झाल्याचें उदाहरण ताजें होतें. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें २०१४ च्या डिसेंबरांत ‘द क्रू’ नांवाचा मोटारींचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत सारी अमेरिका लहान करून मांडलेली होती. न्यूयॉर्कहून निघून पश्चिम किनार्‍यापर्यंत वाटेंत कोठेंहि न थांबतां मोटार हाकीत जातां येई. मात्र एकटें खेळावयाचें असलें तरी कंपनीच्या सर्व्हरशीं संबंध लागे. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें ते सर्व्हर बंद केले आणि खेळ जागच्या जागीं मेला. एवढ्यावर न थांबतां पुढच्या महिन्यांत तो घेणारांच्या संग्रहांतून परवानाहि काढून घेण्यांत आला. ज्यांनीं डिस्क घेतली होती त्यांच्या हातीं एक चकचकीत तबकडी उरली; तिच्यावर फार तर चहाचा पेला ठेवतां येईल.

कंपनीच्या बाजूनें बोलणारे म्हणतील, सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, खेळणारे उरले नाहींत, मग तो कां सोसावा? हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु सर्व्हर अनंतकाळ चालवा असें कोणी मागत नाहीं. जातांना दिव्याचें बटण आमच्या हातीं द्या, एवढीच मागणी आहे. तें अशक्य नव्हतें हें पुढें कंपनीनेंच दाखविलें. ओरड वाढल्यावर २०२४ च्या सप्टेंबरांत तिनें याच मालिकेंतील पुढच्या दोन खेळांना सर्व्हरवांचून चालण्याची सोय करून देण्याचें जाहीर केलें. याउलट सोनीनें त्याच वर्षीं २३ ऑगस्टला आणलेला ‘कॉन्कॉर्ड’ चौदा दिवसांत, ६ सप्टेंबरला, बंद केला. पण घेणारांचे पैसे परत केले. खेळ पडला, पण व्यवहार स्वच्छ राहिला. पैसे परत करण्यांत अब्रू असते, ही गोष्ट आमच्या गांवच्या भुसार दुकानदाराला कोणत्याहि करारपत्रावांचून ठाऊक होती.

ही स्थिति एका दिवसांत आलेली नाहीं. पूर्वीं खेळ चोरून नेऊं नयेत म्हणून कुलपें असत, पण त्यांत एक प्रकारची गंमत असे. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्यें पहिली पातळी ओलांडली कीं एका दालनांत अक्षरें लिहिलेलीं पेयें मांडलेलीं दिसत, सोबतच्या पुस्तिकेंतील अमक्या पानावरच्या शब्दाचें आद्याक्षर पाहून योग्य तेंच प्यावयाचें, नाहीं तर राजपुत्र संपला! आमच्या महाविद्यालयांतील संगणकावर हा खेळ कोणी आणि कोठून आणून घातला होता हें कोणी विचारलें नाहीं; पुस्तिका मात्र आम्हीं कधीं पाहिली नाहीं. पुढें कुलपें रुक्ष झालीं. २००८ मध्यें ‘स्पोर’ हा खेळ प्रथम आला तेव्हां तो तीनच वेळां चालू करून घेण्याची मुभा होती. त्याच्या आधींच, २००३ च्या सप्टेंबरांत, व्हॉल्व्ह कंपनीनें स्टीम सुरू केलें होतें, आणि २००४ च्या नोव्हेंबरांत ‘हाफ-लाइफ २’ आला. पेटी दुकानांतून आणली तरी खेळ स्टीमच्या खात्याला जोडल्यावांचून उघडेना. त्या दिवशीं खेळाची पेटी ही वस्तु न राहतां पावती झाली.

स्टीमवर मी सरसकट रागावूं शकत नाहीं, ही माझी अडचण आहे. अमेरिकेंत निघालेला खेळ लातूरच्या मुलाला त्याच क्षणीं आणि रुपयांत मिळूं लागला, तो अशा दुकानांमुळेंच. न आवडलेला खेळ, दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, चौदा दिवसांत परत करण्याची सोय स्टीमनें २०१५ पासून ठेवली आहे. पुस्तकाच्या दुकानांत मला असें कोणी करूं देणार नाहीं. त्याबद्दल विक्रीच्या रकमेंतील तीस टक्के तें ठेवून घेतें. फार खपणार्‍या खेळांना २०१८ पासून पंचवीस आणि वीस टक्क्यांची सवलत मिळाली. म्हणजे सवलत मोठ्यांना. एकट्यानें खेळ रचणार्‍या गरिबाला तीसच! त्याच वर्षीं एपिक कंपनीनें बारा टक्क्यांचें दुसरें दुकान थाटलें आणि लोक यावेत म्हणून खेळ फुकट वाटण्यास आरंभ केला. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत हें खरें. पण या दोन दुकानदारांच्या भांडणांत माझ्यासारख्याची परवानगी मालकींत बदललेली नाहीं. साय कोणी खावी यावरच तो वाद आहे.

या दुकानांहून त्रासदायक असतात ते प्रकाशक. एका प्रकाशकाचा खेळ मीं पुरी किंमत देऊन घेतला. तो उघडल्यावर त्यानें स्वतःच्या आणखी एका खात्याची मागणी केली, पुढें त्या खात्याचा परवलीचा शब्द बदलावयास सांगितलें, आणि अखेर सर्व्हर दुरुस्तीसाठीं बंद असल्याचें कळवून मला झोपावयास पाठविलें. त्या खेळांत माझ्यावांचून दुसरा माणूस नव्हता. घरांत मात्र या प्रसंगाचें स्वागत झालें.

आणि ज्यांची मालकी निर्विवाद आहे, ते तरी मालमत्तेशीं कसे वागतात? २०२३ च्या ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनें अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी घेतली. सौदा जवळजवळ एकुणसत्तर अब्ज डॉलरांचा. तीन महिन्यांनीं खेळविभागांतील एकोणीसशें माणसांना निरोप मिळाला, आणि २०२४ च्या मे महिन्यांत टोकियोची टँगो गेमवर्क्स बंद करण्याचें जाहीर झालें. तिचा ‘हाय-फाय रश’ आदल्याच वर्षीं नांवाजला गेला होता. सुदैवानें क्राफ्टन या कोरियन कंपनीनें तिला पुढें उचलून धरलें; सर्वांच्या नशिबीं असा पाहुणा येत नाहीं.

वाङ्मयाचा माणूस म्हणून मला अधिक लागलें तें ‘डिस्को एलिसियम’चें प्रकरण. २०१९ चा हा खेळ म्हणजे वाचावयाची कादंबरीच. त्याचा मुख्य लेखक रॉबर्ट कुर्वित्झ हा एस्तोनियाचा कादंबरीकार. एक मोडून पडलेला, स्मृति हरवलेला पोलीस अधिकारी आणि त्याच्या डोक्यांत आपसांत भांडणारीं त्याचींच मनें. असें गद्य मीं अलीकडच्या छापील पुस्तकांतहि क्वचितच वाचलें आहे. २०२२ मध्यें उघड झालें, कीं कुर्वित्झ आणि त्याचे दोन प्रमुख सहकारी कंपनींत उरलेले नाहींत. कंपनी एक सांगते, ते दुसरें सांगतात. न्यायनिवाडा करणारा मी कोण? पण त्याने कल्पिलेलें तें नगर आतां कंपनीच्या नांवावर आहे. म्हणजे या धंद्यांत वाचणारा भाडेकरू, आणि कधीं कधीं लिहिणाराहि.

अलीकडे थोडी हालचाल दिसते. कॅलिफोर्नियानें २०२४ मध्यें कायदा केला, कीं निव्वळ परवाना देत असतांना, तें स्पष्ट सांगितल्यावांचून, ‘विकत घ्या’ असा शब्द वापरूं नये. तेव्हांपासून स्टीम पैसे भरतेवेळीं ही गोष्ट सांगूं लागलें. युरोपांत, विकलेले खेळ मारूं नयेत अशी मागणी करणार्‍या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मी युरोपचा नागरिक नसल्यामुळें माझी सही तेथें चालण्यासारखी नव्हती.

मला चालण्यासारखा मार्ग पोलंडांतून आला. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्टनें, चोरट्या प्रतींचा बाजार तेजींत असतांना, १९९९ सालीं ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेंत, नामवंत नटांच्या आवाजांत आणि नकाशासह सुबक पेटींत विकून दाखविला. चोराला कुलुपानें नव्हे, तर चांगल्या मालानें हरवितां येतें असा तो धडा होता. त्याच मंडळींनीं २००८ मध्यें ‘जीओजी’ हें दुकान काढलें. तेथील खेळाला कुलूप नसतें. तो एकदां उतरवून आपल्याजवळ ठेवला कीं दुकानाची आठवण काढण्याचें कारण उरत नाहीं.

कायद्यानें तोहि परवानाच, असें वकिलांनीं मला लगेच बजावलें. तरीहि मीं एक मोठी डिस्क आणली आहे आणि दर रविवारीं जेवणानंतर जीओजीवरील एकेक खेळ तिच्यावर उतरवून घेतों. एकसष्ट झाले. डिस्कला चिकटविलेल्या कागदावर मीं प्रत्येकाचें नांव, तारीख आणि किंमत घातली आहे. अक्षर मात्र वडिलांसारखें येत नाहीं. ती वडिलांच्याच कपाटांत, शेलीशेजारीं उभी राहते, आणि त्या कपाटाची किल्ली कोठें असते हें भाच्याला ठाऊक आहे.