शिक्का आणि हळकुंड

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची अडत करणाऱ्या अण्णांचा व्यापारातला एक नियम होता. पोत्यावरचा शिक्का ते वाचत, त्या घराण्याचा मानही ठेवत. परंतु हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज भाव बोलत नसत. दुकान मुलाच्या हाती सोपवून निवृत्त झाल्यावर या नियमाची कसोटी आपल्याच घरात, तीही एका लेन्सच्या निमित्ताने लागेल, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

नात वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून ती आपला खर्च भागवी. पण तिचा खरा जीव मुलींच्या कबड्डीत. शाळा-महाविद्यालयांचे सामने टिपावेत, चांगली छायाचित्रे स्थानिक वृत्तपत्रांकडे पाठवावीत, हा तिचा छंद हळूहळू व्यवसायाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता.

एका रात्री बंदिस्त सभागृहात सामना रंगला होता. एका सडपातळ मुलीने एकाच चढाईत तीन बचावपटूंना बाद करून मध्यरेषेला हात टेकवला. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. सामना संपल्यावर त्या मुलीची आई संकोचत नातीजवळ आली. "ताई, माझ्या पोरीचा त्यातला एक फोटू मिळंल का? तिच्या बाबास्नी दाखवायचा हाय. खेळायला नगं म्हणत्यात."

नातीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर सारी छायाचित्रे पुढे-मागे करून पाहिली. प्रत्येकात हातपाय धुरासारखे पुसटलेले. "नाही हो मावशी, एकही नीट आला नाही," एवढेच तिला म्हणता आले. त्या रात्री ती न जेवता झोपली.

दोष हाताचा नव्हता, प्रकाशाचा होता. तिच्याजवळची ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स लांबचे दृश्य जवळ आणी खरी. पण त्या टोकाला तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नसे. एफ २.८ पर्यंत उघडणारी लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे ज्या उजेडात जुन्या लेन्सला सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो, तेथे हिला हजारावा भाग पुरतो. चढाई करणाऱ्या खेळाडूची झेप गोठवायची, तर हजारावा भागच हवा. लेन्समधील कंपन रोखणारी यंत्रणा छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, खेळाडूचा पाय नव्हे. तेथे तिचा उपयोग नाही.

आता मार्ग दोन होते. तिचा कॅमेरा सोनीचा. त्याच कंपनीची ७०-२०० एफ २.८, तिची २०२१ साली आलेली दुसरी आवृत्ती, हा एक. टॅमरॉन या दुसऱ्या जपानी कंपनीने त्याच कॅमेऱ्यांसाठी २०२० साली आणलेली ७०-१८० एफ २.८, हा दुसरा. दुसरीची किंमत पहिलीच्या निम्म्याच्या आसपास.

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. "घ्यायची तर कंपनीचीच घे, बाळ. परक्याची वस्तू आज बसेल, उद्या बसणार नाही. आक्कांच्या नावावरची ठेव मोडू." आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ठेव माझी आहे, मोडायला ना नाही. पण महागाची काच आणली की फोटो आपोआप येतील, असं पी हळद नि हो गोरी नाही ना हे?"

नात हसली. मग हळूच म्हणाली, "अण्णा, तुम्ही शिक्का बघून कधी हळद घेतलीत का?"

अण्णा गप्प झाले. त्यांची भीती मात्र निराधार नव्हती. लेन्स आणि कॅमेरा विजेच्या संकेतांनी एकमेकांशी बोलतात. ती बोली कॅमेरा कंपनीने गुप्त ठेवली, तर इतरांना ती अंदाजाने शिकावी लागते. मग नवा कॅमेरा आला की जुनी परकी लेन्स मुकी होण्याचे प्रसंग पूर्वी घडलेले आहेत. कॅननने २०१८ साली नवी आरएफ जोडणी आणली, तेव्हा स्वयंकेंद्रित होणाऱ्या परक्या लेन्सना तेथे अनेक वर्षे वाव नव्हता. २०२४ साली सिग्मा आणि टॅमरॉन यांना दार उघडले, तेही लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांपुरते. सोनीने मात्र आपल्या ई जोडणीचे मूलभूत तपशील २०११ सालीच इतर निर्मात्यांना विनामूल्य देऊ केले होते. शिवाय टॅमरॉनमध्ये सोनीचा मोठा भागभांडवली हिस्सा आहे. हे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे परका नव्हे, भागीदार!"

तरीही मर्यादा होत्या, आणि नातीने त्या वहीत एकेक करून मांडल्या. सोनीचे अतिवेगवान कॅमेरे सेकंदाला वीस किंवा तीस छायाचित्रे घेतात. परक्या लेन्सवर ते पंधरापाशी अडतात. परक्या लेन्सला सोनीचा टेलिकन्व्हर्टर लागत नाही, म्हणजे पल्ला वाढवता येत नाही. टॅमरॉनच्या त्या पहिल्या आवृत्तीत कंपन रोखणारी यंत्रणाच नाही, आणि पल्लाही वीस मिलिमीटरने कमी.

यादी मोठी होती. पण प्रत्येक ओळीपुढे तिने एकच प्रश्न लिहिला : ही अडचण माझी आहे का? तिच्या कॅमेऱ्याचा वेगच सेकंदाला दहा. पंधराची वेस तिला आडवी येणार नव्हती. मुलींच्या कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. कडेला बसणाऱ्याला टेलिकन्व्हर्टर हवाच कशाला? हजाराव्या भागाला कंपनाची चिंता नाही. उलट टॅमरॉन ८१० ग्रॅम, सोनी एक किलोहून थोडी अधिक; दिवसभरात सहा सामने टिपणाऱ्या मनगटाला हा फरक कळतो.

एवढ्यावर न थांबता तिने कोल्हापुरातून दोन्ही लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणल्या आणि मुलींच्या सरावात आलटून पालटून वापरल्या. फरक दिसला, आणि तिने तो लपवला नाही. खेळाडू सरळ अंगावर धावून येताना मध्येच दुसरी आडवी गेली, तर सोनीची लेन्स मूळ चेहरा अधिक लवकर पुन्हा पकडी. इतर वेळी मात्र घरातल्या संगणकावर चित्रे मोठी करून दाखवली, तेव्हा कोणते कोणत्या लेन्सचे, हे अण्णांना ओळखता आले नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रंग आतून पक्का आहे. घे."

पैशाचा प्रश्नही याच शिस्तीने सुटला. ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याजाचा दर घटतो. त्यापेक्षा ठेवीच्या तारणावर कर्ज घेतल्यास ठेव तशीच चालू राहते आणि कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच अधिक पडतो. लग्नसराईच्या उत्पन्नातून फेडता येईल एवढेच कर्ज काढायचे ठरले. कंपनीच्या लेन्ससाठी तेवढे पुरले नसते. खरेदी मात्र पक्क्या बिलावर, भारतातील हमीपत्रासह झाली. हमीपत्राविना बाहेरून आलेली स्वस्त लेन्स अण्णांनी दारातूनच परत पाठवली.

म्हणून कंपनीची लेन्स घेणारा चुकतो, असे मुळीच नाही. ज्याच्या हाती वीस-तीस छायाचित्रांचा कॅमेरा आहे, ज्याला फुटबॉलच्या मैदानाचे दुसरे टोक गाठायचे आहे, एक क्षण हुकला तर ज्याचे मानधन बुडते, त्याच्यासाठी तो जादा पैसा खर्च नसून साधन आहे. नावाजलेल्या वस्तूला जुन्या बाजारात भावही बरा येतो. प्रश्न शिक्क्याच्या खरेपणाचा नाही. त्या शिक्क्यासाठी मोजलेला पैसा आपल्या कामाला येतो की नाही, याचा आहे.

पुढच्या हंगामात तीच सडपातळ मुलगी पुन्हा मैदानात उतरली. या वेळी तिची चढाई फसली. चौघींनी तिला धरले आणि मध्यरेषा वीतभर राहिली असता ती कोसळली. तो क्षण मात्र नातीने पकडला : लांबवलेला हात, ताणलेली बोटे आणि रेषेवर खिळलेली नजर. छायाचित्र मोठे करून तिने मावशींच्या हाती दिले, तेव्हा हरलेल्या डावाचे चित्र देताना तिला थोडा संकोच वाटत होता.

आठवड्याने मावशी भेटल्या. "तिच्या बाबांनी लई वेळ बघितला," त्या म्हणाल्या, "बोललं काही न्हाईत. पर काल सरावाला सोडायला तेच आलं हुतं."

अण्णांना हे कळले तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी कर्जाची वही मागवली, उरलेल्या हप्त्यांवरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाले, "हा सौदा बरा झाला."