रोजच्या निऱ्या

२ ऑगस्ट २०२४
उद्याच्या पुरवणीचं सदर पाठवलं. पावसात काय नेसावं? जॉर्जेट, गडद परकर, साडी घोट्याच्या वर, पदर खोचलेला. सुतीवाल्या मैत्रिणी फोन करणार. करोत. नाशिकच्या मेनरोडवर या दिवसांत पांढरी सुती नेसून चालून दाखवा म्हणावं.

७ ऑगस्ट
राष्ट्रीय हातमाग दिन. २०१५पासून पाळतात. १९०५ साली याच तारखेला कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून हा दिवस.
कॉलेजात सगळ्याजणींचा एकत्र फोटो. माझी नजर काठांवरच. हातमागावर कापड ताणून धरतात, तेव्हा दोन्ही कडांना टोचे पडतात. किनारीला बारीक भोकं राहतात. दोघींच्या साड्यांना दिसली. बाकीच्या यंत्रमागाच्या. बोलले काहीच नाही. सगळ्यांचं कौतुक केलं, चहा घेतला.

९ ऑगस्ट
सदराचा फोटो काढताना चिरंजीव म्हणाले, "ही साडी जूनमध्ये झाली." बरोबर आहे. संपादकबाईंनाही आठवतं. वाचकांना तर फारच.
जांभळी नारायणपेठ मला सगळ्यात शोभते. छापून आली, म्हणजे संपली. कपाटातल्या साड्यांचे आता दोनच प्रकार. झालेल्या आणि व्हायच्या.

१२ ऑगस्ट
सासूबाईंचे ब्लाउज पुन्हा सैल. दंडावर कापड गोळा होतं. मास्टरांकडे आत घ्यायला दिले. मास्टर बाही उलटून बघत म्हणाले, "ताई, उन्हाळ्यात तर घेतले होते हे."

१४ ऑगस्ट
एका शोरूमकडून खोकं आलं. आत पैठणी. राणी रंग, हिरवा काठ, पदरावर मोर. सोबत चिठ्ठी. साडी आमच्याकडून भेट, सदरात 'अस्सल हातमाग' असा उल्लेख व्हावा.
आरशासमोर खांद्यावर टाकली. घडी केली. परत टाकली. राणी रंगात मी पाच वर्षांनी लहान दिसते.

१५ ऑगस्ट
सुट्टी. खोकं उघडलं. पदर उलटला.
मोरांच्या मागे धागे मोकळे. एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत नुसते लोंबतायत. काही ठिकाणी कातरलेले. हाती विणलेल्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा असतो. मोराच्या मानेची निळी कांडी मान संपेल तिथून मागे फिरते. पाठीमागे लोंबायला काही उरतच नाही.
दशांमधला एक धागा काढून पेटवला. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो, राख चिमटीत चुरते. याचा काळा कडक मणी झाला.
"काय जळतंय गं?" सासूबाई आतून.
"काही नाही, आई. दोरा."

१७ ऑगस्ट
संपादकबाईंना फोन. त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "दिवाळीला त्यांचं अर्धं पान आहे." मग म्हणाल्या, "तू नुसतं 'पैठणी' लिही ना. 'अस्सल' नको."

२० ऑगस्ट
खोकं परत पाठवलं. कुरिअरची पावती डायरीत चिकटवली आहे.
राणी रंगाची थोडी चुटपुट.

२४ ऑगस्ट
येवला. एसटीने. विंचूरला कांद्याचे ट्रॅक्टर, त्यात बराच वेळ गेला.
घरात शिरलं की समोर माग. बसायला खाट, तीही मागाला टेकून. बाई खड्ड्यात पाय सोडून विणत होत्या. ताण्यावर बारीक कांड्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर वेगळं रेशीम. मुनियाची चोच चालली होती. लाल कांडी उचलायची, चोचीपुरते मोजके धागे बोटाने वर घ्यायचे, खालून कांडी काढायची, मागे फिरवायची, ठेवायची. मग पोपटी. मग परत लाल. ओळ पुरी झाली की फणी ठोकायची. एवढं करून पदर दोऱ्याच्या जाडीएवढा पुढे सरकतो. माझा चहा पिऊन झाला. चोच तेवढीच.
"एका साडीला किती दिवस?"
"साधा पदर असला तर महिना धरा. भरलेला असला तर वर्षसुद्धा जातं."
"उजेड कमी नाही का पडत?"
"सवय आहे. डोळे पहिले जातात, हात नंतर."
बाईंच्या अंगावर छापील सिंथेटिक. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "मागावर हेच बरं. धुतलं की वाळतं." स्वतःची पैठणी आहे का, विचारलं. "विणली की जाते," म्हणाल्या आणि कांडी उचलली.
घरमालकांचा वेगळाच राग. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण यंत्रावरची साडी तेच नाव लावून दुकानात शेजारीच घडी घालून असते. गिऱ्हाईक किंमत बघतं, पदर उलटत नाही.
काही घेतलं नाही. पाच आकडी रक्कम पर्समध्ये नव्हती. बाईंनी दारापर्यंत येऊन सांगितलं, "परत या. घ्यायलाच पाहिजे असं नाही."

३१ ऑगस्ट
'पदर उलटून बघा' छापून आलं. नाव कुणाचंही नाही. फोटोत मी नाही, पदराची पाठ. पहिल्यांदाच फोटोसाठी केस विंचरावे लागले नाहीत.

१ सप्टेंबर
सकाळपासून फोन. माझ्या लग्नातल्या शालूचा उलटा फोटो पाठवते, बघून सांगा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या पैठणीचा पाठवते, बघून सांगा. एका बाईंना यंत्रमाग आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे हो, यांनी घेतलेली आहे."
यावर काय लिहिणार?

१० सप्टेंबर
गौरी आल्या. सासूबाई खुर्चीत बसून सूचना देतात. स्टँडला कंबर नसते, म्हणून आधी पलंगावर निऱ्या घालून, पिन लावून, वर नाडी आवळायची आणि मग उभं करायचं. पदर सगळ्यात शेवटी.
"धाकटीच्या निऱ्या बोटभर खाली घे. पाय दिसतोय स्टँडचा."
"आता?"
"आता जास्त झाल्या. लोळतायत."
त्यांच्या स्वतःच्या निऱ्या फरशीवर लोळत होत्या. कुणी काही बोललं नाही.

१२ सप्टेंबर
विसर्जन झालं. रात्री सासूबाई न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या. निरीत पाय. हाड शाबूत. मनगट सुजलंय.

१४ सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, गाऊन घाला.
सासूबाई घरी येईपर्यंत गप्प. रिक्षातून उतरल्यावर म्हणाल्या, "गाऊन घालून दार उघडू? पोस्टमन येतो."

१५ सप्टेंबर
पंजाबी ड्रेस? नाही. मॅक्सीवर ओढणी? नाही. चारवारी? "चारवारी नेसायला हात लागत नाहीत का?"
हा प्रश्न बरोबर आहे.

१८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. खरेदी नाही, घडी मोडायची नाही. पंधरवडाभर नवीन साडी मिळणार नाही, असं संपादकबाईंना कळवलं. त्यांनी हसरा चेहरा पाठवला.
जांभळी नारायणपेठ काढली. नेसून कॉलेजला गेले. दिवसभर साडीची आठवणही झाली नाही. संध्याकाळी पदराला शाईचा डाग दिसला, तेव्हा लक्षात आलं की आज काय नेसले होते.
नेसणं असं असायचं पूर्वी.

२२ सप्टेंबर
सासूबाईंचं कपाट आवरलं. त्या पलंगावर, मी खाली. डांबरगोळ्या फेकल्या. जरीच्या साड्या जुन्या मलमलीत गुंडाळल्या, घड्या बदलल्या. एक रेशमी घडीवरच विरली होती. उचलली आणि चार पट्ट्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. गाठोड्यात घाल."
तळाला इरकली. गडद हिरवी, लाल काठ, लाल टोप-तेनी पदर. सोलापूरच्या माहेरची. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी. दोन्ही ताणे फाशात फासा अडकवून जोडतात, कोंडी म्हणतात त्याला. जोड बोटाला लागतो. कधीचीच आहे आणि एक धागा सुटलेला नाही.
"ही ठेवणीतली का?"
"ठेवणीतली कसली? हिच्यात स्वयंपाक केलाय मी."
मग बराच वेळ काठावरून हात फिरवत बसल्या. डाव्या हाताने.

२६ सप्टेंबर
रविवार कारंजाजवळ मास्टरांकडे. इरकली दाखवली, अडचण सांगितली. लग्नात मुली शिवलेली नऊवारी घालतात, तसं काहीतरी, पण कात्री लावायची नाही.
मास्टरांनी चष्मा वर केला. साडी पूर्ण उलगडली, हातांनी मापली. मग भराभर. परकर आणि साडी एकच करू. निऱ्या परकराच्या पट्टीवर धावदोऱ्याने टाकू. उसवलं की साडी होती तशी. नाडी नको, मनगट दुखतंय ना? बाजूला वेल्क्रो. खाली दोन बोटं वर. पदर शिवायचा नाही.
"पदर का नाही?"
"आजींना पदर घ्यायचा असतो, ताई. शिवला तर घेणार काय?"
ब्लाउजला पुढून हूक सांगितले. आणि माया भरपूर ठेवा म्हटलं. मास्टर म्हणाले, "ठेवलीय. अंग भरलं की सोडून देऊ."

३ ऑक्टोबर
नवरात्र. आज गुरुवार, म्हणून पिवळा. पहिले सात रंग वारावर ठरतात, शेवटच्या दोन दिवसांना काय द्यायचं ते दर वर्षी बदलतं. पोथीत कुठेही नाही. वर्तमानपत्रांनी रुजवलं. आता बँकेत, लोकलमध्ये, शाळेत, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे एक रंग.
संपादकबाईंना याच्यावर टीका हवी होती. मी नाही लिहिली. आमच्या सफाईवाल्या मावशी आज पिवळ्या साडीत होत्या, पिवळ्या बांगड्या, पिवळी टिकली. विभागप्रमुखबाईही पिवळ्यात. फोटोत दोघी शेजारी शेजारी उभ्या. एरवी कधी उभ्या राहतात?

५ ऑक्टोबर
करडा. करडी साडी कुणाकडेच नसते. अर्ध्याजणी चंदेरी नेसून आल्या आणि करडी म्हणाल्या.

८ ऑक्टोबर
लाल. सासूबाईंना ताप. रजा.

१२ ऑक्टोबर
दसरा. मास्टरांकडून इरकली आली.
सासूबाईंनी आधी निऱ्या मोजल्या. मग पट्टी उलटून धावदोरा बघितला. मग वेल्क्रो तीनदा फाडला, लावला, फाडला. "आवाज करतं हे." उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला, तो बाजूला सारला. पदर स्वतः घेतला.
आरशात बघून म्हणाल्या, "फॉलचा रंग चुकलाय."
खरंच चुकलाय. काठाच्या लालपेक्षा फिका.

१९ ऑक्टोबर
आणखी तीन साड्या मास्टरांकडे. सासूबाईंनीच निवडून दिल्या. सोबत फॉलसाठी काठाचा दोरा, रंग जुळवायला.

२६ ऑक्टोबर
दिवाळी पुरवणी. शोरूमचं अर्धं पान आहे. तीच राणी, तोच हिरवा काठ, 'अस्सल'. माझं सदर आतल्या पानावर, निम्मं कापलेलं. संपादकबाई म्हणाल्या, जागा नव्हती. नव्हतीच. अर्धं पान गेलं होतं.

२७ ऑक्टोबर
सदर पंधरवड्याने करू, असा प्रस्ताव. हो म्हटलं. एकच अट घातली. दर वेळी माझा फोटो नाही. फॉल, हूक, रफू, विरलेली घडी, ज्याचं त्याचं छापा. मी आहे त्या साड्या नेसणार.
"लोक तुला बघायला वाचतात," संपादकबाई म्हणाल्या.
बघू किती वाचतात.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. मामा सोलापूरहून आले. सासूबाईंनी इरकली घालूनच दार उघडलं. ओवाळलं. मामांनी पाया पडताना काठ बघितला, म्हणाले, "आईने दोघींना घेतली होती. तुझी अजून आहे?"
शिवलेली आहे हे त्यांना कळलं नाही. सासूबाई दिवसभर खुशीत. मनगटावरची सूज उतरली आहे, वजन नाही वाढलेलं.

५ नोव्हेंबर
पहिला पंधरवड्याचा मजकूर लिहून झाला. निऱ्या कशा शिवून घ्याव्या, वेल्क्रो कुठे, धावदोरा किती अंतरावर, पदर का मोकळा ठेवावा. सासूबाईंना वाचून दाखवला.
"फोटो माझा छापणार?"
"तुम्ही हो म्हणालात तर."
"छाप. पण चष्मा काढून. आणि मास्टरांचं नाव घाल, दुकानाचा पत्ता घाल. पैसे कमी घेतले त्यांनी."
नाव आणि पत्ता घालून पाठवला. संपादकबाईंचा लगेच फोन. मजकूर छान आहे, आजी तर फारच गोड, पण दुकानाचं नाव काढावं लागेल. सदरात नाव छापलं की ती जाहिरात होते.
काढलं नाही. छापा नाहीतर परत पाठवा म्हटलं.