एकाच पांघरुणाखाली : जामखेडची गोष्ट

नगरहून जामखेडला निघालेली एस.टी. मध्येच आपला जिल्हा सोडून बीड जिल्ह्यात शिरते. कडा, आष्टी मागे टाकून ती पुन्हा आपल्या हद्दीत येते, तेव्हा कुठे जामखेड येतं. दोन्ही बाजूंना माळरान, बाभळी, मधूनच ज्वारीचं वावर. पाऊस इथे पाहुण्यासारखा. आला तर आला! शाळेत इतिहास शिकवताना हा तालुका दोनदा भेटतो. १७९५ची खर्ड्याची लढाई इथलीच आणि अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडीही इथलंच. या लेकीच्याच नावानं २०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला. बोलण्यात मात्र आमच्या तोंडी अजून नगरच येतं.

पण मैत्रिणींनो, जामखेडची तिसरी ओळख मला जास्त जवळची वाटते. तिची सुरुवात दोन वर्गमित्रांच्या मैत्रीतून झाली.

रजनीकांत आरोळे आपल्याच जिल्ह्यातले, शिक्षक आई-वडिलांचा मुलगा. मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकत होते. तिथली ओळख पुढे मैत्रीत आणि मैत्री लग्नात बदलली. १९६० मध्ये लग्न करताना दोघांनी ठरवलं, की आपलं शिक्षण खेड्यातल्या गरिबांसाठी वापरायचं. लग्नातल्या किती आणाभाका वर्षभरात विरून जातात, ते आपल्याला ठाऊकच आहे. ही मात्र दोघांनीही शेवटपर्यंत पाळली.

आधी त्यांनी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथे एक गोष्ट सारखी टोचू लागली. औषध घेऊन बरं झालेलं मूल थोड्याच दिवसांत तोच आजार घेऊन परत यायचं. घरी गढूळ पाणी आणि अर्धपोटी आई असेल, तर बाटलीभर औषध किती पुरणार? दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जागा कुठली? तर गुरांच्या दवाखान्याची जुनी इमारत!

तेवढ्यात दुष्काळ पडला. लोक म्हणाले, आधी पाणी द्या, मग आरोग्याचं बोला. डॉक्टरांनी कूपनलिका खोदायला घेतल्या, पण जागा निवडल्या त्या दलित वस्तीत. तहान लागल्यावर सगळ्या गावाला हंडे घेऊन तिकडेच जावं लागलं. भाषण न देता एक भिंत थोडी खचली.

गावोगावी शिकलेल्या नर्सबाई ठेवायचा बेत मात्र फसला. परक्या गावात एकटी तरुण मुलगी राहणार कशी आणि बाया तिच्याशी मोकळं बोलणार कशा? तेव्हा गावातूनच सूचना आली, की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. मग गावांनी आपल्या बाया निवडल्या. कुणी दलित, कुणी मराठा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती.

या बाया दर आठवड्याला जामखेडला येत. सुरुवातीला एकमेकींच्या शेजारी बसून जेवायलाही त्या कचरत. रात्री पांघरायला मात्र सगळ्यांत मिळून एकच भलंमोठं पांघरूण असे, मुद्दाम तसं करून घेतलेलं. थंडीत ओढाओढ व्हायची, हसू फुटायचं आणि कुशीवर वळून गप्पा सुरू व्हायच्या. सासू, नवरा, दारू, वारलेलं लेकरू, सगळं त्या पांघरुणाखाली बोललं जायचं. जातीपेक्षा दुःखाचं नातं जवळचं निघालं.

त्या शिकल्या ते आपल्या स्वयंपाकघरातलंच होतं. बाळंतपणाआधी हात साबणानं स्वच्छ धुवायचे, नाळ कापायचं पातं उकळून घ्यायचं, गरोदर बाईनं पोटभर जेवायचं. जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजत राहायचं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढाच तो मामला. घरात लहान मूल असेल तर आपणही हे लक्षात ठेवावं. जुलाब थांबेनात किंवा बाळ मलूल झालं, तर मात्र डॉक्टरांकडे धावायचं.

१९७१ मध्ये इथल्या गावांत हजारी १७६ बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला. नुसत्या दवाखान्यानं हे झालं नसतं. गावोगावी महिला मंडळं उभी राहिली, पुरुषांची शेतकरी मंडळं झाली, झाडं लागली, पाणी अडवलं गेलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ मध्ये देशभर ‘आशा’ ताई नेमल्या गेल्या, त्या योजनेमागेही जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

यातल्याच मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभेत बोलल्या. सभागृहातली झुंबरं दाखवून त्यांनी सांगितलं, की ती सुंदर आहेत, पण महाग आहेत. आमच्या पणत्या साध्या, पण एकीवरून दुसरी पेटवता येते. विद्वानांनी भरलेल्या सभेला एवढ्यात सगळं समजलं.

मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. त्यांच्या मुलांनी काम पुढे चालवलं. देशोदेशीचे डॉक्टर इथे शिकायला आले, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या गावच्या बायाही होत्या.

आपल्या भिशीतही दहा-बारा जणी असतात. चहा होतो, साड्या बघून होतात. आणि कामाला येणाऱ्या बाईंचा कप? तो अजूनही किती घरांत खिडकीत वेगळा पालथा घातलेला असतो! जामखेडच्या बायांकडे ना पैसा होता, ना पदवी. एकमेकींच्या शेजारी आडवं व्हायला त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त धीर लागला असेल. सवड काढून जामखेडला जाऊन या. चौंडीही वाटेत पाहून होईल. पण त्याआधी तो खिडकीतला कप आपल्या कपांत आणून ठेवा. त्याला काही एस.टी.चं तिकीट लागत नाही.