क्लोव्हिस आणि सुदामा

१९१० साली ‘सुदाम्याचे पोहे अर्थात् अठरा धान्यांचे कडबोळे’ हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे पुस्तक निघाले, आणि लगोलग १९११ साली लंडनमध्ये ‘साकी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेक्टर ह्यू मन्रो यांचा ‘द क्रॉनिकल्स ऑफ क्लोव्हिस’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. विनोदी वाङ्मयाचे अध्ययन हाच ज्याच्या आयुष्याचा मुख्य व्यवसाय होऊन बसला आहे, अशा माझ्यासारख्या सेलूच्या रहिवाशाला ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचा मोह अनेक वर्षे आवरलेला नाही. हसणारा लेखक हास्यविषयाच्या बाहेर उभा आहे की आत, या एका प्रश्नाचे उत्तर या दोघांनी इतके भिन्न दिले आहे की, विनोदाच्या मीमांसेसाठी याहून चांगली जोडी मला दुसरी आढळली नाही.

दोघांच्या वयांत पुरते वर्षाचेही अंतर नाही. मन्रो १८७० साली ब्रह्मदेशातील अक्याब येथे पोलीस खात्यातील एका अंमलदाराच्या घरी जन्मले, आईच्या मृत्यूनंतर इंग्लंडात डेव्हन परगण्यात आत्यांच्या कडक अंमलाखाली वाढले, तरुणपणी स्वतःही ब्रह्मदेशाच्या पोलिसांत शिरले आणि तापाने जर्जर होऊन मायदेशी परतले. आत्यांचा तो जाच त्यांच्या कथांतून सूड घेत राहतो. मुले आणि जनावरे त्यांच्या लेखी बहुधा प्रौढांहून शहाणी असतात. कोल्हटकरांचा जन्म १८७१ सालचा, नागपूरचा. पुढे त्यांनी वकिलीची सनद घेऊन वऱ्हाडात अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली केली.

साकींच्या संग्रहातील ‘टोबरमरी’ ही कथा पाहावी. लेडी ब्लेम्ली यांच्या वाड्यावर पाहुणे जमले आहेत. त्यांतील ऍपिन नावाच्या नगण्य गृहस्थाने घरच्या बोक्याला मनुष्यवाणी शिकविली आहे. आणि वाड्याच्या कठड्यांवरून व खिडक्यांतून सर्वांची खासगी संभाषणे ऐकत हिंडलेला तो बोका, चहाच्या वेळी भर दिवाणखान्यात, कोण कोणाच्या माघारी काय बोलले हे निर्विकारपणे सांगू लागतो. त्या शोधाचे कौतुक तेथेच संपते, आणि बोक्याला विष कसे घालावे याची मसलत सुरू होते. ज्याचे त्याचे बिंग फुटते. फुटत नाही ते लेखकाचे आणि त्याच्या क्लोव्हिसचे. क्लोव्हिस हा तरुण त्या समाजात जेवतो-खातो, पण त्याच्या फजितीत वाटेकरी होत नाही. हा विनोद धारदार पात्याचा आहे, आणि त्याची मूठ सदैव लेखकाच्या हाती आहे.

कोल्हटकरांनी ही मूठच सोडून दिली. त्यांचा सुदामा आणि त्याचे स्नेही बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट जुन्या रूढींची चेष्टा करीत नाही, तर त्या मनोभावे पाळते, त्यांचे समर्थन करते, आणि ते समर्थन जसजसे आवेशपूर्ण होत जाते तसतसा रूढीचा पोकळपणा वाचकाच्या नजरेस येतो. ‘साक्षीदार’ हा त्यांचा विनोदी लेख १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आला, पुढे गणेशचतुर्थी आली, शिमगा आला, आणि सभासंमेलनांच्या साऱ्या रीतिभातींसह चोरांचेही संमेलन भरले. सुदाम्याला सारे गंभीरपणे पटलेले असल्यामुळे वाचकाला हसताना आपल्याच आजोबांचा, काकांचा, क्वचित स्वतःचाही चेहरा टाळता येत नाही.

आमच्या सेलूला, जेथे तहसील कचेरीच्या आवारात अर्जनवीसाच्या मेजाभोवती फिर्यादी, साक्षीदार आणि नुसतेच तमासगीर यांची गर्दी कापसाच्या हंगामातही ओसरत नाही, तेथे ‘साक्षीदार’ मोठ्याने वाचून दाखवताना टीप द्यावी लागत नाही. पेशी म्हणजे काय आणि तारीख पडणे म्हणजे काय हे श्रोत्यांना पुरते ठाऊक असते. कोर्टकचेऱ्यांतील माणसे रोज जवळून पाहणाऱ्या वकिलाच्या लेखणीतून हा लेख आला आहे, म्हणूनच त्यात बाहेरच्याची तुच्छता नाही, असे माझे ठाम मत आहे. कोल्हटकरांच्या कोट्या पुष्कळदा अतिरेकाला जातात आणि त्यांची लांबण आज सोसवत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण लांबणीचे कारण स्वभावाइतकेच प्रकाशनाच्या स्थळातही आहे. साकींच्या कथा ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’सारख्या वृत्तपत्रांच्या मोजक्या रकान्यांसाठी घडल्या, म्हणून शेवटच्या वाक्याला त्या चटकन मिटतात, कोल्हटकरांना मात्र मासिकाची ऐसपैस पाने मिळाली होती.

तथापि आत-बाहेरचा हा भेद इंग्रजी आणि मराठी असा नाही. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ च्या नौकाविहारावरील पुस्तकातही तीन मित्रच आहेत, आणि कथन करणारा त्या तिघांपैकीच एक आहे. साकी ज्या दिवाणखान्यात वावरले त्याहून ती होडी सुदाम्याच्या ओसरीला अधिक जवळची. मराठीने पुढे वाट धरली ती ओसरीचीच. कोल्हटकरांना गुरुस्थानी मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी, आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात सावनेर येथे १९१९ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षात देह ठेवण्यापूर्वी, ‘बाळकराम’ होऊन लग्नाच्या बाजाराची कथा त्या बाजारात अडकलेल्यांच्याच मुखाने सांगितली. साकी त्याआधीच, १९१६ च्या नोव्हेंबरात, फ्रान्सच्या रणभूमीवर पडले होते. १९२३ साली सुदाम्याच्या अठरा धान्यांची बत्तिशी झाली, आणि दहा वर्षांनी, १९३३ साली, बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या चिंतामण विनायक जोशी यांचे ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ आले. त्यात कोट्यांचा सोस जवळजवळ नाहीसा झाला. राहिला तो पुण्यातला साधा कारकून, जो आपल्या फजितीची हकीकत, तिच्यात हसण्याजोगे काही आहे याची पुसटशीही जाणीव न ठेवता, तपशीलवार सांगत बसतो, आणि ज्याच्या शेजारी त्याचा जोडीदार गुंड्याभाऊ सोटा घेऊन उभा असतो.