बोरघाट चढून आलेली बिअर

लोणावळा

प्रिय निखिल,

वर्षभर मुरवलेली कडक बिअर आता बाटल्यांत भरायची आहे, तर नवं यीस्ट घालू की नको, असं तू विचारलंस. घाल, नक्की घाल. का घालायचं, ते मात्र आपल्या दारावरून जाणाऱ्या घाटापासून सांगते.

तुझ्या इंग्लंडमधल्या डर्बीच्या शेजारचं बर्टन. एकोणिसाव्या शतकात तिथली पेल एल पिंपांत भरून मुंबईला यायची. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडेपर्यंत जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे. चार-सहा महिने प्रवासातच जात. पुण्याच्या छावणीचा माल मग बोरघाट चढायचा, 1830 पासून गाडीरस्त्यानं आणि 1863 पासून रेल्वेनं, खंडाळा-लोणावळ्यावरून. एवढी जुनी झालेली बिअर जिवंत कशी राहत असेल, याचं मला फार कुतूहल होतं.

उत्तर डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्यात सापडलं. 1904 मध्ये तिथल्या निल्स क्लाउसेन यांनी इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधलं एक निराळं यीस्ट जगापुढे मांडलं: ब्रेटॅनोमायसिस. ते पिंपाच्या लाकडात मुक्काम करतं. नेहमीचं यीस्ट ज्या शर्करांना तोंड लावत नाही, त्याही ते महिनोन्‌महिने सावकाश खातं आणि वायू सोडत राहतं. जुन्या बिअरचा फेस आणि तिचा खास वास, दोन्ही त्याचीच देणगी.

तुझ्याकडे हा सावकाश काम करणारा गडी नाही. त्याच कार्ल्सबर्गमध्ये 1883 मध्ये एमिल हान्सन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. तुझ्या पाकिटातलं यीस्ट त्याच परंपरेतलं, एकाच जातीचं. वर्षभरात त्यातलं बहुतेक तळाशी बसलं. जे तरंगतंय ते अल्कोहोलनं थकलंय, आणि पेशीचं आवरण धड ठेवायला लागणारे स्निग्ध पदार्थ प्राणवायूशिवाय त्याला बनवता येत नाहीत. सगळं मेलं असं नाही, पण भरवसा नाही. इंद्रायणी भाताचं बियाणं जुनं असलं की आपले मावळातले शेतकरी रोपासाठी नवं आणतात, तसंच हे.

आता कृती. वीस लिटरला दोन ग्रॅम कोरडं यीस्ट पुरे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात ते आधी भिजव, मग बिअर थोडी थोडी घालून अल्कोहोलची सवय होऊ दे. जात निवडताना नीट बघ: माल्टोट्रायोज ही शर्करा न खाणारी घे. नाहीतर पहिल्या यीस्टनं मागे ठेवलेली ती शर्करा नवं यीस्ट बाटलीत संपवेल आणि दाब वाढेल. शॅम्पेनचं यीस्ट चालेल. फेसासाठी साखर वेगळी, लिटरला साधारण सहा ग्रॅम, वजन करूनच. यीस्ट जास्त घातलं म्हणून फेस वाढत नाही. हायड्रोमीटरचा आकडा काही आठवडे हललेला नसावा आणि बाटल्या दाब सोसणाऱ्याच हव्यात. बाटली फुटली तर डोळा जाऊ शकतो, इथे माझं ऐकच.

तुमच्याकडे 1963 पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना बनवणं गुन्हा आहे. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, तरी हा प्रयोग मला तुझ्याच हातून बघायचाय. बाटल्या वीस-बावीस अंशांत तीन आठवडे ठेव. मग एक गार करून उघड आणि फेस किती वेळ टिकला ते मला कळव.

तुझी,
आत्या